वादी क्रमांक एक यांची सही

पुरशिस माझ्या हातात होती आणि निखिलचा तिसरा फोन आला होता.

"दिलीस का?"

"अजून पुकारा झालेला नाही."

"पुकाऱ्याची वाट कशाला बघतेस? क्लार्ककडे दे, पोच घे आणि पुण्याला ये. इथे कामं पडलीयेत."

वडगाव मावळच्या कोर्टाचा व्हरांडा, सकाळचे अकरा. निखिल आमच्या फर्ममधला सीनियर असोसिएट, माझा थेट बॉस. मला वकिलीची सनद मिळून सात महिने झाले होते. काळा कोट अजून खांद्यावर ताठ बसायचा.

पुरशिस म्हणजे पक्षकारानं कोर्टाला दिलेलं साधं लेखी निवेदन. अर्जात काहीतरी मागतात, पुरशिशीत फक्त कळवतात. आमचा पुरावा संपला, आमची तडजोड झाली, असं. चार ओळी आणि खाली सही. माझ्या हातातल्या चार ओळी अशा होत्या, की वादी क्रमांक एक व दोन यांची प्रतिवादीशी आपसात तडजोड झाली आहे, त्यांना हा दावा पुढे चालवायचा नाही, तरी दावा निकाली काढावा. खाली वादींच्या दोन सह्या. त्याखाली निखिलची सही आणि तिच्या वर एक ओळ: वादींनी माझ्यासमक्ष सह्या केल्या.

आमची फर्म पुण्याची. काम फक्त लिटिगेशनचं, म्हणजे कोर्टात उभं राहून खटले चालवण्याचं. चौदा वकील आणि एक सर. सर वकील म्हणून मोठे होते, हे मी आजही नाकारत नाही. ते उलटतपासणीला उभे राहिले की शेजारच्या कोर्टातले वकील येऊन मागे थांबायचे. ते शिकायला मी तिथे गेले होते. सात महिन्यांत शिकले काय, तर तारीख घ्यायला. "सर हायकोर्टात आहेत, मुदत मिळावी" असं म्हणायचं, पुढची तारीख डायरीत लिहायची आणि निघायचं. मी लोणावळ्याची म्हणून मावळातल्या सगळ्या फायली माझ्या गळ्यात. त्या फायलींत कुणाला रस नव्हता, हे कळायला मला वेळ लागला.

ही फाईल कुरवंड्याच्या दस्तगीर मुलाण्यांची. वय पंचाहत्तरच्या पुढे. गाव त्यांना आबा म्हणतं. तीस वर्षं त्यांनी तुंगार्लीत एका बंगल्यावर माळीकाम केलं आणि त्याच बंगल्याचं गेट उघडलं-लावलं. कुरवंड्याचं घर त्यांच्या बायकोच्या नावावर, जैनबमावशींच्या. तिला ते वडिलांकडून आलेलं. म्हणून दाव्यात वादी क्रमांक एक जैनबमावशी आणि दोन नंबरला आबा.

घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत एक वाट होती. बैलगाडी जाईल एवढी रुंद, मावशींच्या आजोबांच्या आधीपासूनची. मधली जमीन विकली गेली. तिथे वीकेंड बंगल्यांची स्कीम झाली, भिंत आली, गेट आलं, गेटवर युनिफॉर्म घातलेला माणूस आणि त्याची वही आली. जन्म तिथे गेलेल्या म्हाताऱ्यानं स्वतःच्या घरी जाताना त्या वहीत नाव आणि मोबाईल नंबर लिहायचा, कुणाच्या बंगल्यावर जायचंय ते सांगायचं. गाडी आत न्यायची तर स्कीमच्या ऑफिसला फोन. दावा एवढाच होता, की ही आमची वहिवाटीची वाट आहे आणि ती आम्हाला अडवू नका.

दावा चार वर्षं जुना. कोर्टात रोज काय झालं ते ज्यात लिहितात त्याला रोजनामा म्हणतात. फाईल तारखेच्या आदल्या संध्याकाळी हातात पडायची; या वेळी मी पहिल्यांदाच रोजनामा वाचला. बहुतेक तारखा आम्हीच मागितल्या होत्या. समोरच्यांना तसदी घ्यावीच लागली नव्हती. शेवटच्या तारखेला कोर्टानं लिहिलं होतं, वादीला पुराव्यासाठी अखेरची संधी. आणि अखेरच्या संधीला फर्मनं पाठवलं मला आणि ही पुरशिस.

मी निखिलला विचारलं होतं, तडजोड काय झाली. तो म्हणाला, सरांचं समोरच्या वकिलांशी फोनवर बोलणं झालंय, ते पायवाट सोडतायत. लेखी आहे का, विचारलं तर म्हणाला, जंटलमन्स वर्ड आहे. सरांना आता तालुक्याच्या छोट्या मॅटर्स संपवायच्या होत्या. फर्म वाढत होती.

इथे वाचणाऱ्यानं एक गोष्ट समजून घ्यावी. कोर्टाची परवानगी न घेता दावा मागे घेतला, तर त्याच कारणासाठी पुन्हा दावा लावता येत नाही. म्हणजे ती चार ओळींची पुरशिस गेली की आबांचा रस्ता कायमचा गेला. उरणार ती समोरच्यांच्या मर्जीची पायवाट, आज आहे तर उद्या नाही.

आता सह्यांबद्दल. आमच्याकडे एक पद्धत होती, आणि ती फक्त आमच्याकडेच होती असं म्हणून मी कुणाला सोडणार नाही. पक्षकार पहिल्यांदा आला की वकीलपत्रावर सही घ्यायची आणि त्याबरोबर आठ-दहा कोऱ्या लेजर पेपरवरही. लेजर पेपर म्हणजे कोर्टात अर्जासाठी चालतो तो हिरवट लांब कागद. सही खाली उजवीकडे घ्यायची, वर मजकुराला जागा राहते. "प्रत्येक वेळी तुम्हाला यायला नको" असं पक्षकाराला सांगतात. त्याला बरं वाटतं. एवढा मोठा वकील आपली खेप वाचवतोय. मी स्वतः अशा सह्या घेतल्या आहेत. कुठे करायची ते पेन्सिलीनं फुली मारून दाखवलं आहे. मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं, आणि याचाच मला सर्वांत जास्त राग येतो.

आबांना त्या दिवशी येऊ नका म्हणून ऑफिसनं कळवलं होतं. तरी ते आले. व्हरांड्याच्या बाकावर छत्री मांडीवर आडवी घेऊन बसले होते. मी त्यांच्याशेजारी टेकले आणि बोलायचं म्हणून बोलले, तडजोड झाली ते बरं झालं.

"कसली तडजोड?" आबा म्हणाले.

मी म्हटलं, रस्त्याची.

"मला कुनी काय बोललं न्हाई. यिऊ नका म्हनले, पन तारीक म्हंजे तारीक. मी आलो."

मी पुरशिस त्यांच्या हातात दिली. खरं तर द्यायची नव्हती. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून सावकाश वाचत गेले. आबा सातवी शिकलेले. बोट पहिल्या सहीवर आलं आणि थांबलं. ते इतका वेळ तसेच बसले, की मला वाटलं अक्षर लागत नाहीये.

"ही हिची सही हाय," ते म्हणाले. "जैनबची. प्रौढ वर्गात शिकल्याली."

मी म्हटलं, हो, वादी क्रमांक एक.

"ती गेली की. आठ म्हैने झालं."

मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, कुठे गेल्या.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागदाच्या वरच्या कोपऱ्यात टाईप केलेल्या तारखेवर बोट ठेवलं. ती तारीख त्याच दिवसाची होती.

"मंग ही सही तिनं कुटनं केली?"

मग त्यांनी सांगितलं. पहाटे मावशींच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स आली आणि गेटवर थांबली. गेटवरचा पोरगा नवा होता, ऑफिसला फोन लावत बसला, पलीकडून कुणी उचलेना. शेवटी पुतण्यांनी मावशींना खुर्चीवर बसवून उचलून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. दोन दिवसांनी त्या दवाखान्यात गेल्या.

"त्या पोरानं मला इचारलं, किसके बंगले पे जाना है. म्हनलं, घरी. त्यो वहीत बघाया लागला." आबा चष्मा पुसत म्हणाले. "त्याचा बी काय दोस न्हाई. मी तीस वर्सं तेच काम केलंय."

मग म्हणाले, "आन मी दाखला दिलता की तुमच्या हापिसात. सोता पुन्याला यिऊन दिलता."

फाईलच्या पुठ्ठ्याला मागच्या बाजूनं एक खिसा असतो. किरकोळ पावत्या, व्हिजिटिंग कार्डं त्यात टाकतात. मी त्यात हात घातला. मावशींच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स तिथे होती, चार घड्या घालून. तिच्यावर आमच्याच ऑफिसचा आवक शिक्का होता, तारखेसकट. म्हणजे कुणीतरी कागद घेतला, शिक्का मारला, घडी घातली आणि खिशात कोंबला. आठ महिने त्याकडे कुणी पाहिलं नाही. त्यात मीही आले. आदल्या संध्याकाळी फाईल माझ्याकडेच होती. मी रोजनामा वाचून स्वतःला हुशार समजत झोपले होते.

पक्षकार मेला तर त्याच्या वारसांना दाव्यात आणावं लागतं, त्याला मुदत असते, आणि पक्षकार गेल्याचं वकिलाला कळलं की त्यानं ते कोर्टाला कळवायचं असतं. हे कायद्याच्या पुस्तकात आहे. मला परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता. मी चांगलं उत्तर लिहिलं होतं.

मी निखिलला फोन लावला. तो ऐकून म्हणाला, सरांशी बोल. सर हायकोर्टाच्या आवारात होते. मी एका दमात सगळं सांगितलं.

"सही त्यांचीच आहे ना?" सरांनी विचारलं.

"हो सर, पण त्या हयात नाहीत."

"सही केली तेव्हा हयात होत्या. मग ती खोटी कशी? आत दे."

"सर, निखिलनं लिहिलंय समक्ष सही केली म्हणून. आणि आबांना तडजोड माहीतच नाही. ते इथे बसलेत."

"त्यांना कुणी बोलावलं?"

"ते स्वतःहून आले, सर."

"हे बघ," सर शांतपणे म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत. "तुझं नाव त्या वकीलपत्रावर नाही. तुझ्यावर काही येणार नाही. तू पोस्टमन आहेस. पोस्टमननं पत्र वाचायचं नसतं. आत दे आणि ये."

फोन बंद झाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोस्टमन म्हणाले याचा राग नव्हता, सात महिने मी तेच होते. राग आला तो पहिल्या प्रश्नाचा. बाई गेली हे ऐकल्यावर या माणसाला पहिला प्रश्न सुचला तो सहीचा. कधी गेल्या नाही, कशानं गेल्या नाही. चार वर्षांपूर्वी त्याच बाईनं यांच्या टेबलासमोर बसून प्रौढ वर्गात शिकलेली सही दहा कागदांवर दहा वेळा जपून काढली होती. यांनी तिला चहा पाजला असेल.

घाबरलेही होते, ते लपवत नाही. घरी काय सांगायचं, दुसरीकडे कोण घेईल, सर कुणाकुणाला फोन करतील, सगळं डोक्यात येऊन गेलं. मी पुरशिस फाईलमध्ये टाकली आणि आबांना म्हटलं, आत चला, पुकारा झाला की मी शिकवलेलं काही नाही, तुम्हाला जे खरं वाटतं ते साहेबांना सांगा. माझं वकीलपत्र नव्हतं, म्हणून मी फार काही बोलू शकत नव्हते. पण वादी स्वतः हजर असेल तर त्याला बोलण्यापासून कोण अडवणार?

पुकारा झाला. आबा उभे राहिले. मी त्यांच्या बाजूला.

जजसाहेबांनी फाईल उघडली. "अखेरची संधी होती. साक्षीदार आहे?"

समोरच्या बाजूनं गोसावी वकील उठले. वडगावातले जुने वकील, भांडखोर नाहीत. आमच्या ऑफिसकडून कळलेलं त्यांना खरंच वाटलं असणार. म्हणाले, "साहेब, दावा निकाली काढण्याची पुरशिस येणार असं मला वादीच्या वकिलांकडून कळलंय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठे आहे पुरशिस?"

ती माझ्या कोपराखाली, फाईलमध्ये होती.

"रेकॉर्डवर अशी पुरशिस नाही, साहेब," मी म्हटलं. "वादी क्रमांक दोन स्वतः हजर आहेत. त्यांना काही सांगायचंय."

"तुमचं वकीलपत्र आहे?"

"नाही, साहेब."

"मग तुम्ही बसा."

मी बसले. आयुष्यात इतक्या आनंदानं मी कुणाचं ऐकलं नव्हतं.

आबांनी छत्री बाकावर ठेवली आणि हात जोडले. "साहेब, दावा माज्या बायकोच्या नावाचा हाय. ती वारली, आठ म्हैने झालं. माजी कुनाशी तडजोड झाल्याली न्हाई. मला दावा मागं घ्याचा न्हाई. मला रस्ता पायजे."

कोर्टात शांतता झाली, असं मी लिहिणार नाही. मागे दोन वकील आपसात बोलतच होते आणि स्टेनो पुढची फाईल काढत होती. साहेबांनी दाखला आहे का विचारलं. मी तो आबांच्या हातात दिला, आबांनी पुढे केला. साहेबांनी त्याच्यावरचा आमच्या ऑफिसचा शिक्का पाहिला, तारीख पाहिली, आणि मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. रोजनाम्यात लिहिलं, वादी क्रमांक दोन समक्ष हजर, वादी क्रमांक एक मयत असल्याचे सांगतात, दाखला दाखल, वारस रेकॉर्डवर घेण्यासाठी मुदत. गोसावी वकिलांनी हरकत घेतली नाही. बाहेर पडताना मला एवढंच म्हणाले, जेवून जा.

व्हरांड्यात आल्यावर आबांनी ती पुरशिस मागितली. मी विचारलं कशाला. म्हणाले, "तिची सही हाय."

फाईलमध्ये अजून चार कोरे कागद होते, दोघांच्या सह्यांचे. मी पुरशिशीचा मोबाईलवर फोटो काढला आणि पाचही कागद त्यांना दिले. त्यांनी ते दुमडले नाहीत, छत्रीभोवती गुंडाळून घेतले.

संध्याकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. निखिल दाराशी उभा होता, जमिनीकडे बघत. माझा गुन्हा असा निघाला, की मी क्लायंटची कागदपत्रं ऑफिसच्या परवानगीशिवाय बाहेर दिली. कुणाला दिली? क्लायंटला. मी हसले, ते माझं चुकलं. सर म्हणाले, दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस. मग जाता जाता म्हणाले, "तुला वाटतंय तू त्या म्हाताऱ्याला न्याय दिलास. तू त्याला आणखी दहा वर्षं कोर्ट दिलंस."

घरी पोचेपर्यंत मी उत्तरं शोधत होते. एकही धड सापडलं नाही, त्यामुळे आणखी चीड आली.

पुढचं थोडक्यात. वडगावात एका म्हाताऱ्या वकिलांनी मला त्यांच्या टेबलाचा एक कोपरा दिला. आबा तिथे आले, नवं वकीलपत्र झालं, या वेळी त्यावर माझं नाव होतं. उशीर माफ करण्याचा अर्ज दिला. एवढा उशीर का झाला, याचं कारण द्यावं लागतं. मी कारण लिहिलं: वादींनी मृत्यूचा दाखला वेळेत वकिलांच्या कार्यालयात दिला होता, सोबत आवक शिक्क्याची प्रत. अर्ज मंजूर झाला. मुलगा, दोन मुली आणि आबा वारस म्हणून आले. निखिलच्या त्या 'समक्ष'बद्दल मी बार कौन्सिलकडे तक्रार केली नाही. फोटो अजून फोनमध्ये आहे. पुरशिस दाखल झालीच नाही, मग पुरावा काय, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण एवढंच की मी घाबरले होते.

मग तात्पुरत्या मनाईचा अर्ज. तात्पुरती मनाई म्हणजे निकाल लागेपर्यंत वाट न अडवण्याचा हुकूम. आधीच्या वकिलांनी तो अर्ज चार वर्षांत एकदाही रेटला नव्हता. ऐकायला अर्धा दिवस लागला. हुकूम झाला, वादी, त्यांचे कुटुंबीय, पाहुणे आणि त्यांची वाहनं यांना त्या वाटेवर अडवायचं नाही. हुकमाची प्रत घेऊन मी आबांबरोबर कुरवंड्याला गेले. गेटवरच्या पोरानं वही पुढे केली. आबांनी हुकूम दाखवला. त्यानं फोन लावला, या वेळी मात्र पलीकडून लगेच उचलला गेला. गेट पूर्ण उघडलं, दोन्ही दारं. आबा आत गेले नाहीत. तिथेच उभे राहिले आणि मला म्हणाले, "अर्ध्या दिसाचं काम व्हतं व्हय हे?"

मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार? अर्ध्या दिवसाचं काम होतं. मावशी असतानाही ते अर्ध्या दिवसाचंच होतं.

दावा अजून चालू आहे. आबांची साक्ष झाली, उलटतपासणीत गोसावी वकिलांनी त्यांना दोनच प्रश्न विचारले. सरांची दहा वर्षं कदाचित खरी ठरतील. माझ्याकडे आता एक ज्युनियर आहे आणि कोरे कागद नाहीत. लोक तरीही येतात, बसायच्या आधी विचारतात, कुटं कुटं सह्या करायच्या, आणि वर मजकूर नसेल तर मी सही घेत नाही म्हटलं की त्यांना माझाच संशय येतो.

लोक विचारतात, इतकी वर्षं झाली, अजून तुझा राग गेला नाही का. नाही गेला. तो जाऊ नये याची मी काळजी घेते. आमच्या धंद्यात तो गेला की ज्युनियरचा सीनियर होतो.